काचघरातलं न्यूझीलंड

ऊर्मिला साबळे यांची आणि माझी ओळख एका जाड पाकिटामुळे झाली. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एक बाई म्हणाल्या की तुम्हाला विम्याची जर्मन पत्रं नीट समजतात असं कळलं, माझ्याकडे सोळा पानांचं एक आलंय. मग म्हणाल्या, "आमच्याकडे पत्रं हे वाचायचे."

मी त्या शनिवारी ट्रामने डार्मश्टाटच्या एबरश्टाट भागात गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडणारी बाई पन्नाशीची, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा. हॉलमध्ये खिडकीपाशी खुर्चीत त्यांचे यजमान चंद्रशेखरराव बसले होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडलेला. मी नमस्कार केला तर त्यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "बरं."

मार्चच्या तीन तारखेला सकाळी ते बाथरूममध्ये पडले होते. मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका. उजवं अंग गेलं, आणि भाषा गेली. चौदा वर्षं ज्या माणसाने ऑफिसात जर्मन आणि इंग्लिशमध्ये सॉफ्टवेअरवर वाद घातले, त्याच्या डोक्यात त्या दोन्ही भाषांचा मागमूस उरला नाही. बोललेलं कळायचं ते फक्त मराठी, तेही सावकाश बोललं तर. तोंडातून शब्द यायचे चार: बरं, नको, चल आणि जा. असं का झालं, पुढे सुधारेल का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

ते सोळा पानी पत्र मी वाचून दाखवलं. त्यानंतर दर महिन्याला एखादं पाकीट घेऊन मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायला लागले. त्या मला अगं-तुगं करायला लागल्या, मी त्यांना ऊर्मिलाताई म्हणायला लागले. पुढचं जे सांगते आहे ते त्या टेबलाशी तुकड्यातुकड्यांनी कळलेलं आहे. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात शेवटी कळलं, पण मी ते त्याच्या जागी सांगते.

ऊर्मिलाताई मूळच्या इस्लामपूरच्या. वनस्पतिशास्त्रात कोल्हापूरहून एम.एस्सी., प्रबंध आंबा घाटातल्या नेच्यांवर. लग्नानंतर पुण्यात आठ वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. मुलगी मैथिली सात वर्षांची असताना चंद्रशेखररावांना डार्मश्टाटची नोकरी मिळाली आणि तिघं इकडे आले. दोन वर्षांसाठी म्हणून आले होते.

चंद्रशेखरराव वाईट माणूस नव्हते. हे त्या प्रत्येक वेळी आधी सांगायच्या. आवाज चढवला नाही, काही कमी पडू दिलं नाही. फक्त घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातातून जायची. पत्र आलं की ते वाचणार, फोन आला की ते बोलणार, डॉक्टरांकडे गेलं की ऊर्मिलाताईंचं दुखणंही तेच सांगणार. ऊर्मिलाताईंनी जर्मनची परीक्षा दिली, पास झाल्या, पण घरात बोलायची वेळच यायची नाही. दुकानात काही विचारायला तोंड उघडलं की मागून चंद्रशेखरराव वाक्य पूर्ण करायचे. मैथिलीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. ती आणि वडील जेवताना फडाफड बोलायचे आणि ऊर्मिलाताई वाढत राहायच्या. चौदा वर्षं अशी गेली.

मैथिली शिकायला आखेनला गेली आणि घर अगदी गप्प झालं. त्याच हिवाळ्यात कोल्हापूरची मैत्रीण साधना, जी आता कराडजवळच्या एका कॉलेजची प्राचार्य होती, तिचा फोन आला. वनस्पतिशास्त्राची एक जागा रिकामी आहे, राहायला हॉस्टेलमध्ये खोली आहे, येतेस का. साधनाने अर्धवट थट्टेत विचारलं होतं. ऊर्मिलाताईंनी चार दिवसांनी फोन करून हो सांगितलं.

नवऱ्याला त्यांनी सांगितलं की आईची तब्येत बरी नाही, दोन महिने जाऊन येते. तिकीट काढलं चौदा मार्चचं, फक्त जाण्याचं. परतायचा विचार नव्हता. भांडण नको होतं, कारणं द्यायची नव्हती. तिकडे पोचल्यावर सावकाश पत्र लिहून कळवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बॅग पलंगाखाली अर्धी भरून ठेवली होती.

आणि तीन मार्चला सकाळी बाथरूममधून आवाज आला.

तिकीट त्यांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून रद्द केलं. साधनाला नंतर बघू म्हणून कळवलं. जूनमध्ये ती जागा भरली गेली. बॅगेतले कपडे त्यांनी परत कपाटात लावले. हे कुणालाच माहीत नव्हतं, मैथिलीलाही नाही.

चंद्रशेखरराव घरी आले ते दोन माणसांनी खुर्चीतून उचलून, चोपन्न पायऱ्या चढून. त्यानंतर त्यांना खाली उतरवणं म्हणजे एक मोहीम होऊन बसली. तळमजल्याच्या फ्लॅटसाठी आम्ही अर्ज केले, उत्तरं यायची की तुमचं नाव यादीत आहे. सकाळी त्यांना उठवणं, अंघोळ, भरवणं, व्यायाम, पुन्हा झोपवणं. बाहेरच्या सगळ्या जगाशी त्यांच्या वतीने बोलायचं ते आता ऊर्मिलाताईंनी. जिला चौदा वर्षं बोलू दिलं नाही, तिच्यावर दोघांचं बोलायची पाळी आली.

आठवड्यातून दोनदा वाचा-उपचारांसाठी एक जर्मन बाई यायची. ती चित्रं दाखवायची. एकदा तिने चहाच्या कपाचं चित्र दाखवलं आणि चंद्रशेखरराव म्हणाले, "जा." बाई खूश झाली. तिच्या वहीत तिने नोंद केली की पेशंट जर्मनमध्ये होकार देतो. ऊर्मिलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात, आणि झटक्यापासून चंद्रशेखररावांच्या जड जिभेवर 'ज' आणि 'य' जवळजवळ सारखेच निघायचे. आमच्यापैकी इथे राहणाऱ्या सगळ्यांच्याच बोलण्यात हा 'या' घुसलेला असतो, हो म्हणायला, हुंकार द्यायला. चंद्रशेखररावांचं तर वाक्य त्याच्याशिवाय सुरू व्हायचं नाही. पण ऊर्मिलाताईंच्या कानाला मराठी 'जा'च ऐकू आला. पलंगाखालची बॅग यांना कधी दिसली होती की काय, या विचाराने त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. मग ते पाण्याला जा म्हणाले, गोळीला जा म्हणाले, खिडकीवर बसलेल्या कबुतरालाही जा म्हणाले. त्यातून काही ठरवणं शक्य नव्हतं.

नोव्हेंबरपासून मंगळवारी आणि गुरुवारी सहा-सहा तास एक मदतनीस यायला लागले. हेर व्होल्फ, म्हणजे व्होल्फसाहेब, निवृत्त बसचालक, शांत माणूस. ते आले की ऊर्मिलाताईंनी बाहेर पडायचं, स्वतःसाठी, असं विम्याच्या त्या योजनेत लिहिलेलंच होतं. पहिले काही आठवडे त्यांनी किराणा आणला. मग ट्राममध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन परत आल्या. कुठे जायचं हेच कळत नव्हतं. एका गुरुवारी पावसात भिजत चालताना त्यांना एक लोखंडी फाटक दिसलं. शहराच्या कडेला एका फेराइनने, म्हणजे हौशी लोकांच्या संस्थेने, चालवलेली जुनी बाग होती. आत तीन काचघरं. उबेला म्हणून त्या पहिल्यात शिरल्या तर ते थंड काचघर निघालं, जेमतेम आठ अंशांचं. परत फिरणार तेवढ्यात त्यांची नजर एका कोपऱ्यावर गेली.

"स्वरूपा, मला एकही झाड ओळखू येईना," त्या मला म्हणाल्या. "नाव सोड, कुळसुद्धा सांगता येईना. एम.एस्सी. झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं."

तो न्यूझीलंडचा कोपरा होता. पुढच्या मंगळवारी त्या वही घेऊन गेल्या. मग दर मंगळवारी, दर गुरुवारी. त्या जे वाचून यायच्या ते मला टेबलाशी सांगायच्या आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. वर्गात बाकावर बसल्यासारखं वाटायचं. तो देश आठ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या भूखंडापासून तुटून समुद्रात एकटा पडला. तिथल्या फुलझाडांपैकी दहातली आठ जगात दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाहीत. तिथे मूळचं हरीण नाही, गवा नाही, बकरी नाही. पाला ओरबाडायचे ते उंच पक्षी, मोआ, ज्यांना उडता येत नव्हतं. माणूस त्या बेटांवर पोचला आणि थोड्याच काळात त्याने ते सगळे खाऊन संपवले. पक्षी गेले त्याला पाचसहाशे वर्षं झाली, पण झाडं अजून त्यांना भिऊन वाढतात, असं काही अभ्यासक मानतात. एक झाड पंधरावीस वर्षं नुसती काठी होऊन उभं राहतं, हातभर लांबीची कडक पानं खाली टांगून, आणि मोआची चोच पोचणार नाही एवढं उंच झालं की मगच त्याला गोल, हिरवागार पर्णसंभार येतो. लहान आणि मोठं झाड इतकं वेगळं दिसतं की जुन्या अभ्यासकांनी त्यांना दोन जाती समजून दोन नावं दिली होती. बागेतली काठी अकरा वर्षांची होती.

मी म्हटलं, किती सोसतं ना ते झाड. ऊर्मिलाताईंना ते आवडलं नाही. झाड सोसत बिसत नाही, त्या म्हणाल्या, झाड वाढतं.

जानेवारीत एका मंगळवारी त्या गेल्या तेव्हा बागेच्या प्रमुख माळीण फ्राऊ लोरेन्झ एक कुंडी ढकलगाडीवर चढवत होत्या. तारेच्या गुंडाळ्यासारखं, नारिंगी-तपकिरी नागमोडी काड्यांचं, एकही पान नसलेलं झुडूप. त्याच्या मूळ देशातही ते आता थोडंच उरलंय, असं पाटीवर होतं. लोरेन्झबाई त्याला नुसतं ड्राट म्हणायच्या, म्हणजे तार. ते मेलं म्हणून कंपोस्टात निघालं होतं. ऊर्मिलाताईंनी वाचलं होतं की हे झुडूप हिवाळ्यात पानं टाकतं. त्यांनी काही न विचारता कुंडी धरली आणि म्हणाल्या, "निष्ट टोट." मेलेलं नाही. इथल्या आयुष्यात एखाद्या अनोळखी माणसाला अडवायला त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. लोरेन्झबाईंनी भुवया वर केल्या. ऊर्मिलाताईंनी जाडशा फांदीवर नख ओढलं. साल निघाली आणि खाली ओला हिरवा पापुद्रा दिसला.

लोरेन्झबाईंनी कुंडी परत जागेवर ठेवली. जाताना त्यांनी विचारलं की पुढच्या वेळी तुमच्या मापाचा एप्रन काढून ठेवू का.

वसंतात त्या झुडपाला करंगळीच्या नखाएवढी, बदामाच्या आकाराची पानं फुटली. ऊर्मिलाताईंनी त्याची चाळीस कलमं लावली, नऊ जगली. नऊचा आकडा त्यांनी मला फोन करून सांगितला. त्या नऊ कुंड्यांपैकी चार दुसऱ्या शहरांतल्या बागांना गेल्या. पुढच्या वर्षभरात त्या कोपऱ्यातली प्रत्येक पाटी त्यांनी तपासली, तीन चुकीच्या शोधून काढल्या. जर्मन अडखळतच बोलायच्या, पण तिथे मागून वाक्य पूर्ण करणारं कुणी नव्हतं. लोरेन्झबाई गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत थांबून राहायच्या.

पण दुपारी एक वाजता एप्रन खुंटीला टांगावा लागायचाच. बाराला त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायचं, पावणेएकला हात धुतलेले असायचे. ट्राम चुकली तर हेर व्होल्फ थांबायचे, तक्रार करायचे नाहीत, पण घरी चंद्रशेखरराव दाराकडे तोंड करून बसलेले असायचे. ऊर्मिलाताई आत आल्या की ते डोळे मिटायचे आणि पाच मिनिटांत झोपायचे. त्या गेल्यापासून ते जागेच असायचे, असं हेर व्होल्फनी एकदा सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं ऊर्मिलाताई मला म्हणाल्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये लोरेन्झबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. त्या सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार होत्या. थंड काचघरासाठी संस्था अर्धवेळ माणूस नेमणार होती, रोज सकाळी पाच तास, आठवड्याचे पाच दिवस. "मी तुमचं नाव दिलंय," लोरेन्झबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे पदवी आहे हे तुम्ही मला दीड वर्ष सांगितलं नाहीत."

ऊर्मिलाताईंनी घरी येऊन मला फोन केला. आम्ही लगेच शोधाशोध केली. दिवसभर अशा लोकांना सांभाळणारं एक केंद्र जवळच होतं, गाडी घरून न्यायला येणार, जिन्यातून उतरवायलाही माणसं येणार. एक आठवडा करून बघू म्हणून चंद्रशेखररावांना तिथे पाठवलं. माणसं चांगली होती. गरम जेवण, बागेत फिरवणं, दुपारी पियानोवर गाणी. पण तिथे कुणाला मराठी येत नव्हतं, आणि चंद्रशेखररावांना दुसरं काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी ते घरी आले ते गप्प. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ऊर्मिलाताईंनी हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नाही. 'बरं' नाही, 'नको' नाही. असलेले चार शब्दही गेले. दिवसभर माणसांत बसून त्यांना एक शब्द समजत नव्हता. ऊर्मिलाताईंना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, ते त्यांनी स्वतः चौदा वर्षं भोगलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी गाडी परत पाठवली. शब्द परत यायला आठवडा लागला.

मैथिलीशी बोलणं झालं. ती फोनवर जर्मनमध्ये म्हणाली की बाबांना सवय होईल, तू नोकरी घे. "सवय होईल," ऊर्मिलाताई मराठीत म्हणाल्या. "तेच तर वाईट आहे, बाळा."

मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यांनी मला गाडी घेऊन यायला सांगितलं. चंद्रशेखररावांना बाग दाखवायची होती. हेर व्होल्फ सुट्टीचा दिवस असून आले. आम्ही तिघांनी त्यांना पायरीपायरीने उतरवलं, अर्धा तास लागला. काचघराच्या दाराशी व्हीलचेअर पोचवून मी आणि हेर व्होल्फ बाहेर बाकावर बसलो. काचेतून दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. ऊर्मिलाताईंनी त्यांना एकेका झाडापुढे नेलं. तारेच्या झुडपापाशी त्या खाली स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. आत काय झालं ते त्यांनी मला ऑक्टोबरात सांगितलं.

त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिकीट, तारीख, साधनाची खोली, पलंगाखालची बॅग. सावकाश, एकेक वाक्य, समजेल असं. "अहो, मी परत येणार नव्हते," असं स्पष्ट म्हणाल्या. मग नोकरीचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की तुम्हाला त्या केंद्रात ठेवायचं माझ्याच्याने होत नाही आणि ही जागा सोडायचंही होत नाही, मी काय करू.

चंद्रशेखररावांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते आता टीव्हीवरच्या जाहिरातीलाही यायचं. मग ते म्हणाले, "जा."

ऊर्मिलाताईंनी विचारलं, "जर्मन की मराठी?"

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. "जा." आणि डाव्या हाताने ऊर्मिलाताईंच्या जॅकेटची बाही पकडली. ती पकड घट्ट होती, चांगल्या हाताची. काचघराबाहेर पडेपर्यंत, गाडीत बसेपर्यंत त्यांनी ती बाही सोडली नाही. मला आठवतं, मी गाडीत मागे वळून बघितलं होतं आणि मला वाटलं होतं की किती प्रेमाने बसलेत दोघं.

"तोंड एक म्हणत होतं, हात एक," ऊर्मिलाताई मला म्हणाल्या. "कुणाचं ऐकायचं? मी दोघांचंही थोडं थोडं ऐकलं."

त्यांनी संस्थेला सांगितलं की पाच दिवस जमणार नाही, दोन जमतील, मंगळवार आणि गुरुवार, जे आधीपासून होते तेच. संस्थेने तीन आठवडे विचार केला. उरलेले तीन दिवस एका शिकलेल्या माळीणबाईंना दिले आणि काचघराची जबाबदारीही त्यांच्याकडेच गेली. लोरेन्झबाईंना वाईट वाटलं. निरोपाच्या दिवशी त्यांनी ऊर्मिलाताईंना आपली कलमं करायची सुरी दिली आणि लगेच दुसरीकडे बघितलं. नव्या बाई शिस्तीच्या आहेत. नेच्यांची जागा त्यांनी न विचारता बदलली. ऊर्मिलाताई दोन गुरुवार धुमसल्या आणि मग तिसऱ्या गुरुवारी आपल्या मोडक्या जर्मनमध्ये बाईंना सांगितलं की ते तिथे मरतील. निम्मे परत आले, निम्मे अजून तिथेच आहेत.

मी त्यांना एकदा विचारलं, मागचं आठवून चीड येते का. त्या म्हणाल्या, येते, रोज सकाळी साधारण सात वाजता येते, त्यांना मोजे घालताना. मग दाढी करताना जाते, कारण ते हनुवटी वर करून देतात. कराडला जायचा विचार गेला का, असंही विचारलं. त्यावर त्यांनी पुढचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

या फेब्रुवारीत मी एका कागदावर त्यांची सही घ्यायला गेले होते. गुरुवार होता, मी कामावर उशिरा जाणार होते. चंद्रशेखरराव टेबलाशी बसले होते. समोर बागेतल्या जुन्या पाट्यांचा डबा. नावं त्यांना वाचता येत नाहीत, पण सारख्या अक्षरांच्या पाट्या ते डाव्या हाताने शोधून एकत्र ठेवतात. इंजिनिअरच्या शिस्तीने, कडा जुळवून. ऊर्मिलाताईंनी सही केली, त्यांच्या मांडीवर शाल टाकली, गोळ्यांची डबी हेर व्होल्फना सापडेल अशी ठेवली. मग दारापाशी जाऊन कोट घातला, बूट घातले, टोपी घातली आणि तिथेच उभ्या राहिल्या. आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. हेर व्होल्फ आठला येतात.

"बसा ना," मी म्हटलं.

त्या बसल्या नाहीत. हात दाराच्या कडीवर होता. खाली मुख्य दरवाज्याचा आवाज झाला, आणि बेल वाजायच्या आधी त्या दोन पायऱ्या उतरून गेल्या होत्या. हेर व्होल्फ दुसऱ्या मजल्यावर दम खात होते. त्यांना गुटेन मॉर्गन म्हणत त्या शेजारून खाली गेल्या. वर दार उघडं होतं. चंद्रशेखररावांनी मान वर करून दाराकडे पाहिलं, मग डब्यातून पुढची पाटी काढली.